दुसरे कासव

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात पॉवडरहॅम नावाचा एक किल्लेवजा वाडा आहे. डेव्हनच्या अर्लचे हे राहते घर. येथल्या बागेत 1892 पासून एक कासव वावरत होते. नाव टिमथी. 1854 मध्ये एका पोर्तुगीज लुटारू जहाजावर ते इंग्रज नौदलाच्या कप्तान कोर्टनी-एव्हरार्ड यांना सापडले. त्याच वर्षी क्रिमियन युद्धात सेव्हास्तोपोलवर तोफा डागल्या गेल्या, तेव्हा हे कासव ‘क्वीन’ या युद्धनौकेवर होते. पुढे निरनिराळ्या जहाजांवरून फिरून ते किनाऱ्याला लागले. घराण्याचे बोधवाक्य त्याच्या पोटाकडच्या कवचावर कोरले गेले, म्हणजे ते घरातलेच झाले.

1926 मध्ये मालकांना वाटले की टिमथीला जोडीदार हवा. वाटणे स्वाभाविकच होते. आपल्याकडेही घरात एकटा पोपट असला की येणारा पाहुणा ‘एकटंच आहे का बिचारं?’ असे विचारल्याशिवाय राहत नाही. पण मादी शोधण्यापूर्वी टिमथीची नीट तपासणी झाली आणि टिमथीच मादी निघाली. तिला सापडून तेव्हा सत्तरहून अधिक वर्षे झाली होती. नाव मात्र बदलले नाही. एप्रिल 2004 मध्ये ती त्याच नावाने मेली. तेव्हा तिचे वय 160 च्या आसपास असावे, असा अंदाज होता.

ही एक गंमत म्हणून सोडून देता आली असती. पण कासवांच्या पाळीव इतिहासात हीच गोष्ट पुन्हापुन्हा घडलेली दिसते. पॉवडरहॅमच्या टिमथीच्या शंभर वर्षे आधी आणखी एक टिमथी होऊन गेली. हॅम्पशरमधील सेलबोर्न गावचे पाद्री आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांना ती मार्च 1780 मध्ये वारसाहक्काने मिळाली. ससेक्समधील रिंगमर येथे राहणाऱ्या रिबेका स्नूक या त्यांच्या आत्याने ती तीसहून अधिक वर्षे सांभाळली होती. आत्या वारल्यावर व्हाइटनी हिवाळी झोपेतले कासव उकरून काढले आणि घोडागाडीतून सुमारे ऐंशी मैल सेलबोर्नला आणले. वाटेतल्या हादऱ्यांनी ते जागे झाले.

व्हाइटनी पुढची तेरा वर्षे या कासवाच्या नोंदी ठेवल्या. ते जमिनीत कधी शिरते, कधी वर येते, पावसाला कसे घाबरते, काय खाते, सारे काही. त्याला ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्यांनी कर्ण्यातून ओरडूनही पाहिले. कासवाने दखल घेतली नाही. जूनच्या सुरुवातीस कासव पहाटेच उठून बागेचे प्रत्येक फाटक, कुंपणाची प्रत्येक फट तपासत हिंडते, एकदा निसटून शेतातही गेले, हे त्यांनी टिपले. या भटकंतीमागे कामप्रेरणा असावी, असा त्यांचा कयास. तर्क बरा होता, फक्त ते टिमथीला नर समजत होते. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरात, 1794 च्या वसंतात, ती मेली. कवच लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे आणि ते मादीचे आहे, हे नंतरच्या अभ्यासकांनी ठरवले. व्हाइटइतका डोळस माणूस फसला, तिथे इतरांची काय कथा!

फसण्याला कारण आहे. कासवाचे लिंग बाहेरून सांगणे लहानपणी तर अशक्यच. मोठ्या नराचे पोट किंचित खोलगट असते, शेपूट लांब व जाड असते. पण शेजारी तुलनेला दुसरे कासव नसेल तर ‘लांब’ म्हणजे किती, हे कसे ठरवायचे? शिवाय अनेक जातींत लिंग ठरते ते अंडी उबण्याच्या काळातल्या मातीच्या तापमानावर. उबदार मातीत माद्या अधिक. सेंट हेलेना बेटावरील जोनाथन या प्रसिद्ध कासवाचीही तीच कथा. ते 1882 मध्ये सेशेल्सहून आणखी तीन कासवांबरोबर तेथे आले. 1991 मध्ये त्याच्या सोबतीला फ्रेडरिका नावाची ‘मादी’ देण्यात आली. 2017 मध्ये तिच्या कवचाची दुखापत तपासताना पशुवैद्याला दिसले की फ्रेडरिका बहुधा नर आहे. दोघे सव्वीस वर्षे एकत्र होते आणि कोणाची काही तक्रार नव्हती.

मग सोबत हवी असते कोणाला? आपल्या संतवाङ्मयात कासवी नुसत्या नजरेने पिले पोसते. भूमीवरची खरी कासवी मात्र खड्डा खणते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. कासव एकटेच वाढते आणि बहुतेक आयुष्य एकटेच काढते. नर मादीला भेटतो तो धडका मारत, पाय चावत. बंदिस्त अंगणात मादीला पळायला जागा नसली तर ती जखमी होते, खाणे सोडते. दोन नर असले तर एकमेकांना उलथे पाडतात आणि उलथलेले कासव उन्हात मरू शकते. त्यात रोगांची भर. एका जातीच्या अंगात मुकाट राहणारा हर्पीस गटातला विषाणू दुसऱ्या जातीला मारक ठरतो. म्हणून जाणते लोक नवे कासव आणले तरी कित्येक महिने वेगळे ठेवतात.

दुसरे कासव आणण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न घरात नव्हे, गालापागोस बेटांवर झाला. पिंटा बेटावरची कासवे देवमासे मारणाऱ्या खलाशांनी खाण्यासाठी उचलून नेली. त्यानंतर 1959 मध्ये कोळ्यांनी तेथे बकऱ्या सोडल्या आणि त्यांनी उरलेला पाला फस्त केला. पिंटाचे कासव नामशेष झाले असे मानले जात असताना 1 नोव्हेंबर 1971 रोजी गोगलगायींचे अभ्यासक योझेफ वाग्वोल्गी यांना एक नर दिसला. पुढच्या वर्षी त्याला सांताक्रूझ बेटावरील डार्विन संशोधन केंद्रात आणले. हाच ‘लोनसम जॉर्ज’, एकटा जॉर्ज.

पिंटाची मादी आणून देणाऱ्याला दहा हजार डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. मादी मिळाली नाही. 1993 मध्ये इसाबेला बेटावरील वुल्फ ज्वालामुखीच्या परिसरातल्या दोन माद्या त्याच्या कुंपणात सोडल्या. पंधरा वर्षे काही घडले नाही. 2008 मध्ये अंडी मिळाली, 2009 मध्ये पुन्हा मिळाली, सगळी वांझ. मधल्या काळात जनुकीय तपासणीतून कळले की पिंटाच्या कासवांचे जवळचे नाते एस्पान्योला बेटावरच्या कासवांशी आहे. म्हणजे इतकी वर्षे सोयरीक चुकीच्या घरात चालली होती. जानेवारी 2011 मध्ये एस्पान्योलाच्या दोन माद्या आणल्या. 24 जून 2012 रोजी जॉर्ज मेला. त्याच वर्षी संशोधकांनी जाहीर केले की पिंटाचा वंशांश असलेली संकरित कासवे वुल्फच्याच उतारांवर आहेत. कधी काळी खलाशांनीच ती तिथे टाकली असावीत.

एस्पान्योलावर मात्र दुसरे, नव्हे तिसरे कासव आणणे फळाला आले. तेथे फक्त बारा माद्या आणि दोन नर उरले होते. 1970 च्या दशकात सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून तिसरा नर परत पाठवण्यात आला. तोच दिएगो. सुमारे दोन हजार कासवे त्या बेटावर पुन्हा नांदू लागली आणि वर्तमानपत्रांनी दिएगोला मदनाचा पुतळा ठरवले. प्रत्यक्षात त्यातली सुमारे चाळीस टक्केच संतती त्याची. उरलेली जवळजवळ सगळी ‘ई-5’ अशा रुक्ष नावाच्या, कोणाच्या लक्षात न राहिलेल्या नराची. जून 2020 मध्ये दिएगोला एस्पान्योलावर सोडण्यात आले.

ब्रिटनमध्ये विसाव्या शतकात भूमध्यसागरी कासवे लाखोंनी आयात झाली आणि त्यांतली बहुतेक पहिल्या काही हिवाळ्यांतच मेली. 1984 मध्ये युरोपीय आर्थिक समुदायाने हा व्यापार बंद केला. आपल्याकडे प्रश्न दुसऱ्या कासवाचा नाही, पहिल्याचाच आहे. महादेवाच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव असते म्हणून, किंवा वास्तुशास्त्राच्या नव्या पुस्तकात लिहिले आहे म्हणून, पुण्या-मुंबईच्या सदनिकांत तारांकित कासव ठेवणारे लोक अजून आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. 2022 च्या दुरुस्तीने ही जात पहिल्या अनुसूचीत गेली. त्याआधी 2019 मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली होती. त्यामुळे मत्स्यालयाच्या दुकानातून आणली जाते ती अमेरिकेची लाल कानपट्टीची पाणकासवे, आणि तीही बहुधा जोडीने. विकत घेताना ती रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी असतात. मादी पुढे जेवणाच्या ताटाएवढी होते आणि नीट पाळली तर तीस वर्षे जगते. काचेचे भांडे अपुरे पडू लागले की जोडी जवळच्या तळ्यात सोडली जाते. तिथे ऊन खायचे दगड आणि खाद्य, दोन्ही ती देशी कासवांकडून बळकावते.