औंढ्याचें देऊळ आणि अणूचें केंद्र

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथाचें देऊळ दुरून पाहिलें, म्हणजे प्रथम नजरेंत भरतो तो त्याचा एकंदर आकार. जवळ गेलें, कीं भिंतींवरील मूर्ती दिसतात; हात लावला, म्हणजे टांकीचे घाव समजतात. परंतु देवळाचा आकार जाणण्यास टांकीच्या घावांची मोजदाद लागत नाहीं. हीच गोष्ट अणुकेंद्राच्या बाबतींत उमगण्यास पदार्थविज्ञानास अर्धें शतक लागलें. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

१९३२ सालीं चॅड्विकनें न्यूट्रॉन शोधिला. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांस एकत्र बांधणारें बल कोणतें, या प्रश्नास १९३५ सालीं जपानच्या युकावानें उत्तर दिलें: त्यांच्यामध्यें एका मध्यम वजनाच्या कणाची देवघेव चालते. १९४७ सालीं तो कण, म्हणजे पायॉन, सांपडला. तथापि पुढील हिशेब जमेना. १९७३ च्या सुमारास क्वार्कांचा मूलभूत सिद्धान्त हातीं आला, तरी त्यावरून केंद्राची रचना काढणें दुर्घटच राहिलें.

१९९० सालीं स्टीव्हन वाइनबर्गनें निराळी वाट दाखविली. अल्प ऊर्जेच्या व्यवहारांत क्वार्क दृष्टीस पडतच नाहींत. तेव्हां प्रोटॉन, न्यूट्रॉन व पायॉन एवढेच घ्यावे, मूळ सिद्धान्ताची सममिति पाळावी, आणि दृष्टीआड राहणारे बारकावे मोजक्या अंकांत सांठवून ते अंक प्रयोगानें ठरवावे. पदें महत्त्वाच्या क्रमानें मांडलेलीं असल्यामुळें गाळलेल्या पदांनीं किती चूक राहील, याचाही अंदाज बांधतां येतो. तीन कणांमधील बल पूर्वीं वरून जोडावें लागे. तें येथें त्या क्रमांतूनच उद्भवतें. यासच प्रभावी क्षेत्रसिद्धान्त म्हणतात.

औंढ्याशीं याचा संबंध केवळ उपमेपुरता नाहीं. न्यूट्रॉन तारा म्हणजे गुरुत्वाकर्षणानें बांधलेलें जणूं प्रचंड अणुकेंद्रच. अशा दोन ताऱ्यांच्या मीलनाच्या लहरी १७ ऑगस्ट २०१७ रोजीं अमेरिकेंतील लायगो यंत्रांनीं टिपल्या. त्यांवरून त्या द्रव्याच्या ताठपणास मर्यादा घालतां आली. ताऱ्याच्या गाभ्यांत हा सिद्धान्त लंगडा पडतो, आणि तेथें ताऱ्यांसच विचारावें लागतें. त्याकरितां औंढ्याजवळ प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा योजिली असून २०२३ सालीं केंद्र सरकारनें सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली.

मुळाशीं गेल्याखेरीज ज्ञान खरें नव्हे, अशी आपल्याकडे समजूत आहे. आम्हांस वाटतें, आपलें म्हणणें कोठपर्यंत खरें आहे हें जें सांगूं शकतें, तेंही ज्ञान तितकेंच विश्वासास पात्र होय.