काशीचे पाणी आणि काशीचा पाषाण

वाराणसीतील रामघाट हा काशीच्या घाटांमध्ये फारसा गाजलेला घाट नव्हे. तेथील सांगवेद विद्यालयामुळे तो वेदाध्यायींना परिचित आहे. मराठी वाचकाला मात्र त्याचा शेजार महत्त्वाचा वाटावा. एका अंगाला गणेशघाट, भोसले घाट आणि त्यापलीकडे शिंदे घाट. दुसऱ्या अंगाला जटार घाट, ग्वाल्हेर घाट आणि पुढे पंचगंगा. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत पेशवे, शिंदे, होळकर आणि भोसले यांच्या द्रव्यबळावर काशीच्या नदीकाठाचा मोठा भाग दगडात बांधला गेला. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३७ साली इंग्रजीत लिहिलेला बनारसचा इतिहास आणि डॉ. मोतीचंद्र यांचा ‘काशी का इतिहास’ (१९६२) या ग्रंथांनी नगराच्या राजकीय व धार्मिक स्थित्यंतरांचा मागोवा घेतला. परंतु हा काठ बांधला जाण्यापूर्वी भूमी कशी होती आणि माणसाने तिचे काय केले, हा प्रश्न मुख्यतः भूगोलाचा होय.

तो प्रश्न शास्त्रीय शिस्तीने हाताळण्याचे श्रेय काशी हिंदू विश्वविद्यालयातील भूगोलाचे प्राध्यापक रामलोचन सिंह यांच्याकडे जाते. त्यांचा बनारसच्या नागरी भूगोलावरील इंग्रजी ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे, पृथ्वीचे रूप पालटण्यात मानवाचा वाटा किती, या विषयावर जगभरातील विद्वानांचा परिसंवाद भरला होता. कार्ल सॉअर हे भूगोलज्ञ त्याचे एक प्रमुख सूत्रधार होते आणि भारतातून वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल तेथे उपस्थित होत्या. जॉर्ज पर्किन्स मार्श याने १८६४ मध्ये मांडलेला विचार तेथे नव्याने तपासला गेला. रामलोचन सिंह यांचा विषय एका नगरापुरता मर्यादित होता. तथापि नगर हे भूमी आणि माणूस यांच्या दीर्घ व्यवहारातून घडते, ही दृष्टी दोहोंत समान आहे.

काशीची भूमी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. गंगा येथे उत्तरेकडे वळते. तिचा डावा काठ कंकरमिश्रित घट्ट मातीचा, उंच आणि स्थिर. समोरचा काठ सखल व वाळूचा. उंचवटा नदीकाठालाच असल्यामुळे आतील भूमी नदीपासून दूर उतरत जाते. साहजिकच पावसाचे पाणी गंगेकडे न जाता आतल्या सखल भागात साचे. मत्स्योदरी, मंदाकिनी, बेनिया ही तळी आणि त्यांना जोडणारे नाले हे या उताराचेच अपत्य होय. राजघाटच्या पठारावर ख्रिस्तपूर्व आठव्या शतकाच्या सुमारास वस्ती होती, असे उत्खननांवरून दिसते. बाराव्या-तेराव्या शतकांनंतर नगराचा भार दक्षिणेकडे सरकत गेला. काशीला पुराणांनी दिलेले ‘आनंदवन’ हे नाव समर्थ रामदासांनी आपल्या काव्यात वापरले आहे. त्या नावात उपवनांची स्मृती असावी, असा तर्क करण्यास जागा आहे.

येथे साहित्य हेच भूगोलाचे साधन बनते. गंगेला मोठा पूर आला म्हणजे तिचे पाणी वरणेतून उलटे मत्स्योदरीत शिरे आणि काशीला जलाचे वेढे पडत. पुराणकारांनी या घटनेला पवित्र योग मानले. काशीखंड आणि पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांचा सोळाव्या शतकातील ‘त्रिस्थलीसेतु’ यांसारखे ग्रंथ तीर्थमाहात्म्यासाठी वाचले जातात. नकाशा शेजारी ठेवून वाचले तर लुप्त झालेल्या जलव्यवस्थेची ती साक्ष ठरते.

ही व्यवस्था मोडली ती एकोणिसाव्या शतकात. जेम्स प्रिन्सेप १८२० मध्ये टांकसाळीचा अधिकारी म्हणून येथे आला. त्याने नगराचा नकाशा केला, जनगणना केली आणि विटांच्या कमानीचे भुयारी गटार बांधून सखल भागातील पाणी गंगेत सोडले. मत्स्योदरी आटली. मंदाकिनीच्या जागी बाग झाली. गोदावरी नावाच्या नाल्यावर रस्ता आला आणि तिची आठवण ‘गोदौलिया’ या नावात तेवढी उरली. प्रिन्सेपचा हेतू आरोग्याचा होता, हे मान्य करावे लागते. परंतु पावसाच्या पाण्याची हक्काची जागा गेली. पावसाळ्यात गोदौलियाच्या परिसरात आजही पाणी तुंबते, त्याचे एक मूळ या इतिहासात आहे.

मराठ्यांच्या घाटांकडेही याच न्यायाने पाहणे प्राप्त आहे. चुनारच्या खाणींतील वालुकाश्म नदीमार्गाने येऊन मातीचा कडा पायऱ्यांखाली गेला. दात्यांच्या लेखी ते पुण्यकर्म होते. भूगोलाच्या लेखी ते काठाचे पुनर्निर्माण होते. त्याला भूमीने नेहमीच संमती दिली असे नाही. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेला घाट स्वतःच्या भारानेच खचला आणि त्याच्या पायथ्याशी रत्नेश्वराचे मंदिर आजही कललेले उभे आहे.

रामलोचन सिंह यांच्या गौरवार्थ १९९३ मध्ये राणा पी. बी. सिंह यांनी संपादित केलेल्या ग्रंथात काशीच्या पवित्र भूगोलाचा विचार आला. पुढे त्यांनी २००९ च्या ग्रंथात वारसानगर म्हणून तिची मांडणी केली. पाण्याची कथा मात्र काशीच्या सीमेत संपत नाही. १८५४ मध्ये हरिद्वारहून निघालेल्या कालव्याने गंगेचे पाणी वरच्या अंगालाच वळविले आणि १९८६ मध्ये गंगा कृती योजनेचा आरंभ काशीतच करावा लागला.

काशी अविनाशी आहे, ही श्रद्धेची भाषा होय. तिला खोटे ठरविण्याचे कारण नाही. परंतु ज्या पाण्याच्या आधारावर ती श्रद्धा रचली गेली, ते पाणी माणसाच्या हाती नाश पावू शकते, हे भूगोलाने दाखविले. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने यातून एक जबाबदारी येते. ज्या घाटांचा त्याला अभिमान वाटतो, त्यांचा इतिहास पाषाणाबरोबर पाण्याचाही असला पाहिजे; अन्यथा तो अर्धाच लिहिला जाईल.