इन्फोमर्शियल : कार्यक्रमाच्या वेशातली जाहिरात

रात्री उशिरा टीव्ही लावावा तर एखाद्या वाहिनीवर आरोग्यविषयक चर्चा सुरू असते. सूत्रसंचालिका प्रश्न विचारते, पांढरा कोट घातलेले गृहस्थ उत्तरे देतात, मध्येच एखाद्या ‘प्रेक्षका’चा फोन येतो. थोड्या वेळाने लक्षात येते की गुडघेदुखीपासून पाठदुखीपर्यंत सगळ्या प्रश्नांचे उत्तर एकच तेल आहे आणि त्याचा फोन नंबर पडद्याच्या तळाशी केव्हापासून झळकतो आहे. या प्रकाराला इन्फोमर्शियल म्हणतात.

इन्फोमर्शियल म्हणजे काय?

‘इन्फर्मेशन’ (माहिती) आणि ‘कमर्शियल’ (जाहिरात) या दोन इंग्रजी शब्दांच्या जोडातून हा शब्द बनला. नेहमीची जाहिरात काही सेकंदांची असते. इन्फोमर्शियल अनेकदा अर्धा तास चालते. मुलाखत, चर्चा, पाककृती किंवा प्रात्यक्षिक असे तिचे रूप असते. ही वेळ विक्रेत्याने वाहिनीकडून विकत घेतलेली असते, त्यामुळे तिथे उलट प्रश्न विचारणारे कोणी नसते.

सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेत १९४९ मध्ये व्हिटामिक्स कंपनीच्या विल्यम बर्नार्ड यांनी टीव्हीवर सुमारे अर्धा तास आपल्या ब्लेंडरचे प्रात्यक्षिक दाखवले. हे या प्रकाराचे अगदी सुरुवातीचे उदाहरण मानले जाते. खरी भरभराट मात्र १९८४ नंतरची. त्या वर्षी अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने टीव्हीवरील जाहिरातींच्या वेळेची मर्यादा काढली. वाहिन्यांकडे रात्रीची वेळ रिकामी होती आणि विक्रेत्यांना ती स्वस्तात मिळू लागली. स्वयंपाकघरातील उपकरणे विकणारे रॉन पोपील यांच्यासारख्या लोकांनीही या प्रकाराचा वापर केला. पुढे राजकारण्यांनीही हा मार्ग वापरला. रॉस पेरो यांनी १९९२ च्या, तर बराक ओबामा यांनी २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अर्ध्या तासाच्या वेळा विकत घेतल्या.

भारतात उपग्रह वाहिन्या आल्यानंतर, १९९० च्या दशकात टेलिशॉपिंग रुजले. व्यायामाची यंत्रे आणि भाज्या चिरण्याची उपकरणे दाखवणाऱ्या परदेशी जाहिराती हिंदीत डब होऊन आल्या. त्यानंतर तेले, पावडरी आणि ‘सिद्ध’ यंत्रांची रांग लागली.

तिची रचना कशी असते?

प्रेक्षक कोणत्याही क्षणी वाहिनी लावू शकतो, हे गृहीत धरलेले असते. म्हणून अर्ध्या तासाचे छोटे भाग पाडतात. अडचण, उपाय, समाधानी ग्राहक, किंमत आणि फोन नंबर ही साखळी प्रत्येक भागात पुन्हा येते. आधी मोठी किंमत सांगून ती खोडायची, मग सोबत काहीतरी मोफत द्यायचे, मग ‘साठा मर्यादित’ म्हणून घाई करायची, हा क्रमही ठरलेला. वेगवेगळ्या वाहिन्यांवर वेगळे फोन नंबर दिले की कोणत्या वाहिनीवरून किती मागणी आली, हेही विक्रेत्याला कळते.

धोका कुठे आहे?

जाहिरात लांबलचक असण्यात गैर काही नाही. धोका वेशात आहे. जाहिरात पाहताना आपण सावध असतो, पण मुलाखत पाहताना ती सावधगिरी सैल पडते. केव्हिन ट्रूडो या अमेरिकी विक्रेत्याचे उदाहरण बोलके आहे. खोट्या दाव्यांमुळे २००४ मध्ये त्याच्यावर इन्फोमर्शियलमधून वस्तू विकण्याची बंदी आली. पुस्तकांना मात्र त्यातून सूट होती. मग त्याने वजन कमी करण्याच्या पुस्तकाची इन्फोमर्शियल काढली आणि त्यात पुस्तकातल्या मजकुराविषयीच दिशाभूल केली. अखेर न्यायालयाच्या अवमानाबद्दल २०१४ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली.

भारतातील कायदा काय सांगतो?

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ नुसार जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्टपणे वेगळी ओळखू आली पाहिजे. वस्तूत चमत्कारी गुण असल्याचा, सिद्ध करता न येणारा दावाही चालत नाही. काही ठरावीक आजार बरे करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचार कायद्यानेच मनाई केली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो उत्पादकाप्रमाणेच जाहिरातीत वस्तूची शिफारस करणाऱ्यालाही लागू होतो.

महाराष्ट्रात आणखी एक आधार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला की, अलौकिक शक्तीचा दावा करून टीव्हीवरून यंत्रे विकणे हे राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे. अशा जाहिराती दाखवणाऱ्या वाहिन्याही जबाबदार ठरतील, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

प्रेक्षकाने काय पाहावे?

पडद्याच्या कोपऱ्यात ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ असे बारीक अक्षरांत लिहिले आहे का, ते पाहावे. ‘डॉक्टर’ म्हणवणाऱ्याचे पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी सांगितली जाते का, याकडे लक्ष द्यावे. कोणीही एकदा तरी वस्तूची उणीव सांगते का, हेही तपासावे. सुरू असलेले औषध अशा कार्यक्रमाच्या भरवशावर बंद करू नये. वस्तू मागवलीच तर बिल जपून ठेवावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.