जन्माच्या नोंदी आणि परदेशी निघालेल्या लेकीसुना

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत इतिहासविषयक लेख म्हटला की मूळ गाव, कुलदैवत, आडनावांची उत्पत्ती अथवा एखाद्या पराक्रमी पूर्वजाचे चरित्र अशाच विषयांची अपेक्षा असते, आणि ती योग्यही आहे. तथापि ज्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या कागदापायी आज आपल्यापैकी कित्येक कुटुंबांत नवविवाहित पतिपत्नी महिनोन् महिने दोन खंडांत विभागून राहतात, त्या कागदाचाही एक इतिहास आहे. तो कागद म्हणजे जन्माचा दाखला.

मुलगा अमेरिकेत वा इंग्लंडात स्थायिक झालेला असतो. विवाह येथे यथाविधी पार पडतो. मग सुनेला तिकडे नेण्यासाठी अर्ज होतो आणि तिच्या जन्माचा दाखला मागितला जातो. दाखला काढावयास जावे तो नोंद मुळी सापडतच नाही. सापडली तर तिच्यात नाव नसते. नाव असलेच तर ते दुसरेच असते. अशा वेळी घरातील मंडळी एकमेकांस दोष देतात, आणि कोणी गावच्या कोतवालास देतात. हे असे का झाले, याचा उलगडा करण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आपल्या वाडवडिलांना जन्मवेळ ठाऊक नसे, असे मुळीच नाही. ज्योतिषाने लिहिलेल्या पत्रिकेत शक, मास, तिथी, नक्षत्र, घटिका आणि पळे इतक्या सूक्ष्मतेने ती नोंदलेली असे की आजच्या दाखल्याने लाजावे. ज्यांच्या घरी पत्रिका नसे, ते घटनांवरून हिशेब ठेवीत. कोणी प्लेगच्या साथीत जन्मलेला, कोणी १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतरचा, कोणी १९७२ च्या दुष्काळातला. ही मोजणी घरापुरती पुरेशी होती. मुंज, विवाह, पंगतीतील वडीलकीचा मान, एवढेच तिचे काम होते. सरकारास ती दाखवावी लागेल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

सरकारनेही ती प्रारंभी मागितली नाही. इंग्लंडात १८३७ पासून जन्मांची नागरी नोंद सुरू झाली होती. पण हिंदुस्थानात १८८६ साली जो जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचा कायदा झाला तो ऐच्छिक स्वरूपाचा होता. ज्यास हवे त्याने नोंद करावी, न केल्यास शिक्षा नाही. खेडोपाडी ज्या नोंदी पाटील, कुलकर्णी आणि कोतवाल यांच्या हातून होत, त्यांचा हेतू निराळा होता. पटकी, देवी व प्लेग यांनी किती माणसे दगावली, किती बालकांस देवी टोचावयाच्या राहिल्या, हे आकडे सरकारास हवे होते. आकडा हवा होता. माणूस नको होता. महसूल दप्तरात ज्यास गाव नमुना १४ म्हणतात व लोक ज्यास ‘कोतवाल बुक’ म्हणतात, त्या वहीत बहुधा तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘पुत्र’ वा ‘कन्या’ एवढेच सापडते.

नाव का नाही, याचे उत्तर आपल्या आचारातच आहे. बालकाचे नाव ठेवावयाचे ते बाराव्या दिवशी, बारशास. कोतवालास खबर लागावयाची ती त्याआधी. त्याने वहीत ‘कन्या’ लिहिले, पुढे बारसे झाले, घुगऱ्या वाटल्या गेल्या, पण नाव सांगावयास चावडीवर पुनः कोण जाणार? प्रस्तुत लेखकाच्या मते यात कोतवालाचा दोष काढणे अन्यायाचे होय. त्यास जे विचारले होते ते त्याने लिहिले.

दुसरी गोष्ट आजोळाची. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत. म्हणून बापाच्या गावी मुलीची नोंद शोधणारा मनुष्य वर्षभर शोधूनही हात हलवीत परत येतो. नोंद असते ती आईच्या माहेरी, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. तिसरी गोष्ट विवाहाची. सासरी ताटातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि त्या क्षणापासून माहेरचे नाव, बापाचे नाव व आडनाव ही तिन्ही बदलतात. आपल्याला यात वावगे काही वाटत नाही; परंतु परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने जन्मलेली बाई एक आणि अर्ज करणारी बाई दुसरी.

याशिवाय लिपी व कालगणना यांच्या अडचणी आहेत. जुन्या नोंदी मोडीत आहेत आणि मोडी वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले. मराठवाड्यात निजामाच्या अमलातील कागद उर्दूत व फसली सनात आहेत. त्या सनात ५९० वा ५९१ मिळवावे तेव्हा इसवी सन येतो. पत्रिकेतील शकात ७८ मिळवावे हे पुष्कळांस ठाऊक असते, पण इंग्रजी वर्ष जानेवारीत बदलते आणि शक बदलतो चैत्रात. म्हणून माघ-फाल्गुनातील जन्मास ७९ मिळवावे लागतात, हे विसरले जाते व एका वर्षाची तफावत उत्पन्न होते. तशीच एका दिवसाची. आपला वार सूर्योदयास बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. पहाटे तीन वाजता जन्मलेल्या मुलाचा वार पत्रिकेत आदला असतो आणि दवाखान्याच्या कागदावर तारीख दुसऱ्या दिवसाची. दोन्ही कागद खरेच असतात!

आता शाळेविषयी. याबाबतीत आयुष्य शाळेत गेलेल्या मनुष्याने बोलणे अप्रस्तुत होणार नाही. शाळा जूनमध्ये सुरू होत. बाप मुलास घेऊन येई व ‘सहा वर्षांचा असेल, गुरुजी’ असे सांगे. जनरल रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना तर भरलाच पाहिजे. मग १ जून ही तारीख पडे. महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडून पाहावे. १ जूनला जन्मलेल्यांची जी गर्दी तेथे दिसते ती निसर्गात कोठेही आढळणार नाही. शाळा सोडल्याचा दाखला त्याच रजिस्टरावरून निघतो, आणि नोकरी, निवृत्तिवेतन, पारपत्र अशा साऱ्या पुढच्या कागदांना त्याचाच आधार असतो. आईचे नाव त्या रजिस्टरात पूर्वी नसेच. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बालकांच्या नावात आईचे नाव घालणे आवश्यक केले, ही गोष्ट उशिरा झाली तरी स्वागतार्ह होय.

स्वातंत्र्यानंतर १९६९ साली जन्म व मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा झाला आणि १ एप्रिल १९७० पासून तो महाराष्ट्रात अमलात आला. येथून नोंद सक्तीची झाली. कायद्याने सक्ती केली म्हणून गावाने त्याच दिवशी ऐकले असे नव्हे. १९७० नंतर जन्मलेल्यांच्याही नोंदी पुष्कळ ठिकाणी नाहीत. तथापि त्या कायद्याने दोन दारे उघडी ठेविली. नाव नसलेल्या नोंदीत नाव मागाहून घालता येते. नियमांत त्यासाठी १५ वर्षांची मर्यादा घातली गेली. आणि मुळात नोंदच नसेल तर वर्षाहून अधिक विलंब झाल्यावर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती करून घेता येते.

हा झाला आपल्याकडील अर्धा इतिहास. उरलेला अर्धा समुद्रापलीकडे घडला. कारण पत्नीने आपण पत्नी असल्याचा पुरावा द्यावा, ही मागणी तिकडून आली.

तिचा पहिला मोठा आघात दक्षिण आफ्रिकेत झाला. १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निर्णय दिला की ज्या धर्मांत बहुपत्नीत्वास मुभा आहे त्यांच्या विधींनी झालेले विवाह तेथील कायद्यास मान्य नाहीत. एका निकालासरशी तेथील बहुसंख्य हिंदी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने पत्नी राहिल्या नाहीत. आदल्याच वर्षी नामदार गोखले त्या देशाचा दौरा करून आले होते व हिंदी लोकांवरील जाचक कर उठेल अशी आशा बाळगून होते. गांधीजींच्या सत्याग्रहात या निकालानंतर स्त्रिया उतरल्या व कस्तुरबांनी सक्तमजुरीची शिक्षा भोगली. १९१४ च्या कायद्याने अखेर एका पत्नीपुरता असा विवाह तेथे मान्य झाला.

पुढे १९१८ साली लंडनच्या साम्राज्य युद्ध परिषदेत ठराव झाला की वसाहतींत कायम राहिलेल्या हिंदी मनुष्याने आपली एक पत्नी व अल्पवयीन मुले आणावी. मात्र त्यांपैकी प्रत्येक व्यक्ती त्याची कायदेशीर पत्नी वा मूल असल्याचा दाखला हिंदुस्थान सरकारने द्यावा. ज्या सरकारने ऐच्छिक नोंदणीवर समाधान मानले होते, त्याच्याकडेच हा दाखला मागितला गेला. येथे आपल्या प्रश्नाचे मूळ आहे.

कागद नसला की काय होई, याचे कटु उदाहरण इंग्लंडचे आहे. १९७० नंतरच्या दशकात आपल्या उपखंडातून कुटुंबीयांकडे जाणाऱ्यांचे वय ठरविण्यासाठी हाडांची क्ष-किरण छायाचित्रे काढली जात; ही प्रथा १९८२ साली बंद झाली. १९७९ साली तर विवाहासाठी लंडनच्या विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची अशी मानहानिकारक शारीरिक तपासणी झाली की आपल्या सरकारास निषेध नोंदवावा लागला. १९८५ साली आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेने घाना देशाच्या एका कुटुंबातील मुलगा आईचाच असल्याचे सिद्ध झाले आणि तो इंग्लंडात राहू शकला. कागदास विचारता येईना तेव्हा शरीरास विचारले गेले, एवढे खरे.

अमेरिकेची वाट आपल्या लोकांस मोकळी झाली ती १९६५ च्या कायद्याने. त्या कायद्यात नागरिकाच्या पतिपत्नीस संख्येची मर्यादा नाही, पण पुराव्याची आहे. तेथील नियमांचा क्रम समजून घेण्यासारखा आहे. प्रथम जन्माचा दाखला. तो नसेल तर तो नाही याचे अधिकृत प्रमाण, म्हणजे आपल्याकडील निबंधकाने द्यावयाचे अनुपलब्धता प्रमाणपत्र. आणि त्याच्या जोडीस शाळेचा दाखला यांसारखा दुय्यम पुरावा. तोही नसेल तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या, अर्जाशी संबंध नसलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रे. भारतात १ एप्रिल १९७० पूर्वी नोंद सक्तीची नव्हती, ही गोष्ट त्यांच्या परराष्ट्र खात्यास ठाऊक आहे व त्यापूर्वी जन्मलेल्यांस पर्यायी पुराव्याची मुभा आहे. अर्थात् नोंद नसणे हा गुन्हा नव्हे, हे त्यांनीही मान्य केले आहे.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत नावे गाळून देतो. यजमान नोकरीनिमित्त अमेरिकेस गेले व तेथील नागरिक झाले. वहिनी सासूबाईंच्या सेवेसाठी येथेच राहिल्या. सासूबाई निवर्तल्यावर, सुमारे दहा वर्षांपूर्वी, त्यांच्यासाठी अर्ज झाला. वहिनींचा जन्म कोयनेच्या भूकंपानंतर दोन महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारी १९६८ मधला, आजोळी झालेला. तेथील वहीत बापाचे नाव व ‘कन्या’ एवढीच नोंद. पत्रिकेत शके १८८९ चा माघ. शाळेच्या दाखल्यात १ जून १९६७, आणि पारपत्रातही तीच तारीख. एका दलालाने १ जूनचा नवाकोरा जन्मदाखला ‘करून देण्याची’ तयारी दर्शविली, व घरात दोन दिवस त्यावर खल झाला. अमेरिकेच्या कायद्यात हेतुपुरस्सर खोटा कागद सादर करणाऱ्यास प्रवेशाची जन्मभर बंदी होऊ शकते, हे त्यांच्या कन्येने वाचले होते म्हणून बरे. त्यांनी वहीचा नावाविना असलेला उताराच सादर केला. त्याबरोबर शाळेचा दाखला, विवाहाचा दाखला, आणि तारखांतील फरक कसा पडला याचे सरळ निवेदन जोडले. प्रतिज्ञापत्रे दिली ती वहिनींच्या ८२ वर्षांच्या मामांनी आणि आजोळच्या शेजारणीने. मुलाखतीत अधिकाऱ्याने फरकाचे कारण विचारले. वहिनींनी जूनमधल्या शाळाप्रवेशाची गोष्ट सांगितली. परवाना मिळाला. मामा पुढच्याच वर्षी वारले. त्यांच्या पश्चात ते प्रतिज्ञापत्र देणारे त्या घरी दुसरे कोणी नव्हते.

पुष्कळजण जन्मनोंदीत सासरचे नाव घालून घेण्याचा खटाटोप करतात, तो व्यर्थ आहे. जन्मली तेव्हा ती सासरची नव्हती. नोंद माहेरच्या नावानेच असावी. दोन नावांमधला दुवा विवाहाच्या दाखल्याने जोडावयाचा, आणि पहिले नावही बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी जोडावी.

१९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली व ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्यांस शाळाप्रवेश, पारपत्र, विवाहनोंदणी इत्यादी कामांत जन्माचा दाखलाच पुरावा धरला जावयाचा आहे. वर्षाहून अधिक विलंबाच्या नोंदीचा आदेश आता जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकारी अथवा त्यांनी नेमलेला कार्यकारी दंडाधिकारी देतो, आणि २०२५ मध्ये महाराष्ट्रात या विलंबित नोंदींची छाननी पूर्वीपेक्षा कडक झाली आहे. म्हणून ज्यांच्या घरी असा अर्ज व्हावयाचा आहे त्यांनी विवाहाची तिथी निश्चित होताच शोधास लागावे. मुलीचा जन्म कोणत्या गावी झाला हे प्रथम तिच्या आजी-मामांस विचारावे, मग ग्रामपंचायतीत अथवा नगरपालिकेत पाहावे, आणि जुनी वही तेथे नसल्यास तहसील कचेरीच्या अभिलेख-कक्षात बापाच्या नावाने शोध घ्यावा. जुन्या वहीचा शोध असेल तर सोबत मोडी वाचणारा न्यावा.