खुब्याच्या हाडावरील खुणा : नामशेष मानवाच्या चालीचा पुरावा

वैजापूर तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीला पुढे टोक्याजवळ प्रवरा मिळते. याच प्रवरेकाठी नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात संशोधन केले. तेथील नदीच्या जुन्या थरांत अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. परंतु ती घडविणाऱ्या माणसाचे हाड मात्र हाती लागले नाही. तो माणूस कसा उभा राहत असे, कसा चालत असे, हे केवळ हत्यारांवरून सांगता येत नाही. त्यासाठी हाड लागते, आणि शक्यतो खुब्याचे.

खुबा हा उखळीचा सांधा आहे. कमरेच्या हाडातील खोलगट वाटीत मांडीच्या हाडाचा गोल माथा बसतो आणि चिवट अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, त्याला जखडून ठेवतात. मृत्यूनंतर हे बंध कुजून जातात. जीवाश्मात ते उतरत नाहीत. मात्र ज्या जागी ते हाडाला चिकटलेले असतात, तेथे खळगा, उंचवटा किंवा खरबरीत रेषा शिल्लक राहते. लक्षावधी वर्षांनंतर संशोधक वाचतात ती हीच लिपी.

यांतील सर्वांत बळकट बंध वाटीच्या वरच्या अंगाला, कमरेच्या हाडाच्या पुढील उंचवट्यापासून निघतो आणि मांडीच्या हाडावरील तिरप्या रेषेवर पसरतो. त्याचा आकार उलट्या ‘वाय’ अक्षरासारखा असतो. हेन्री बिगेलो या अमेरिकन शल्यविशारदाने १८६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. माणूस ताठ उभा असताना धडाचा भार खुब्याच्या किंचित मागे पडतो आणि हा बंध ताणला जातो; त्यामुळे स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत. एस.टी.च्या थांब्यावर तासभर तिष्ठणारा प्रवासी बऱ्याच अंशी या बंधाच्या आधारावर उभा असतो.

चिंपांझीमध्ये हा उंचवटा फारसा वाढलेला नसतो. इथिओपियातील हदार येथे डोनाल्ड जोहान्सन यांना १९७४ मध्ये सापडलेल्या ‘ल्युसी’च्या सांगाड्यात डाव्या बाजूचे कमरेचे व मांडीचे हाड आहे आणि त्यावर हा उंचवटा ठळक दिसतो. ल्युसी सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. तिच्याही आधीच्या, सुमारे ४४ लाख वर्षांपूर्वीच्या ‘आर्डी’च्या कमरेच्या हाडावर तो असल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. मेंदू मोठा होण्याच्या कितीतरी आधी माणसाचा पूर्वज ताठ उभा राहू लागला होता, या मताला त्यामुळे बळकटी मिळाली.

सर्वच खुणा इतक्या बोलक्या नसतात. मांडीच्या हाडाच्या माथ्यावर एक लहान खळगा असतो. तेथे आणखी एक बंध चिकटतो. हा खळगा ओरांगउटानमध्ये बहुधा नसतो, पण चिंपांझीत असतो. म्हणून केवळ त्याच्या आधारे ताठ चालीचा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तिरपी रेषाही काही जीवाश्मांत ठळक, तर काहींत पुसट आढळते. आजच्या माणसांतही ती सारखी नसते.

शिवाय सवयीही हाडावर उमटतात. लाहोर येथील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक हॅवेलॉक चार्ल्स यांनी १८९० च्या दशकात पंजाबी लोकांच्या पायांची हाडे तपासून, उकिडवे बसण्याने सांध्यांवर खुणा पडतात, हे दाखविले. आपल्याकडील सांगाडे अभ्यासताना ही बाब विशेष महत्त्वाची. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे ताम्रपाषाणयुगीन लोक, जे आपल्यासारखेच आधुनिक मानव होते, प्रौढांचे पाय घोट्यापासून तोडून मृतदेह पुरीत असत. अशा सांगाड्यात घोट्याचा पुरावा अपुरा पडतो आणि खुबा व गुडघा यांच्याकडेच वळावे लागते.

भारतातील नामशेष मानवाचा सर्वांत प्रसिद्ध अवशेष नर्मदेकाठचा आहे. मध्य प्रदेशातील हथनोरा येथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी कवटीचा भाग मिळाला. तेथीलच गळपट्टीचे हाड ए. आर. संख्यान यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. २०१२ मध्ये जवळच्या नेतनखेडी येथील दंडाच्या व मांडीच्या हाडांचे तुकडे त्यांत जमा झाले. ज्या उंचवट्यावर उभे राहण्याचा बंध चिकटतो, ते कमरेचे हाड मात्र यांत नाही.