कोटणिसांची चिनी भाषा

अहमदनगरच्या (हल्लींच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यांत ऑगस्ट १९४२ पासून जवाहरलाल नेहरू बंदिवान होते. सेनापति चू-ते यांच्या विनंतीवरून चीनला वैद्यकीय पथक धाडण्याच्या कामीं ज्यांनीं पुढाकार घेतला, त्यांपैकीं ते एक. त्या पथकांतील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्याच वर्षीं ९ डिसेंबरला चीनमध्यें वारले. वय अवघें बत्तीस. त्यांच्या त्यागावर १९४६ सालीं शांतारामांनीं बोलपट काढला. मला मात्र त्यांचें चिनी भाषेचें अध्ययन अधिक विस्मयकारक वाटतें.

१ सप्टेंबर १९३८ रोजीं अटल, चोळकर, कोटणीस, बसू व मुखर्जी हे पांच डॉक्टर मुंबईहून निघाले. पुढें आघाडीवर गेल्यावर नुसत्या ग्रंथांतल्या चिनीवर भागणारें नव्हतें. आपल्याकडेच पाहा ना! नगरकडचा शेतकरी दवाखान्यांत येऊन ‘उदरशूळ’ म्हणत नाहीं. ‘पोटांत कळ येते’, ‘डोस्कं ठणकतंय’ असें म्हणतो. चीनमध्येंही तेंच. वैद्यकाच्या पुस्तकांत उदराला ‘फू-पू’ म्हणतात; खेडुत शिपायाच्या तोंडीं शब्द असतो ‘तूत्स’. मानेला पुस्तकांत ‘चिंग-पू’, बोलण्यांत ‘पोत्स’. शेवटचा ‘त्स’ म्हणजे मूळचा ‘मूल’ या अर्थाचा शब्द. तो आतां अर्थ गमावून केवळ प्रत्यय झाला आहे. त्याचा उच्चार मराठी माणसास जड जाऊं नये, कारण ‘चोर’ शब्दांतला आपला ‘च’ त्याच्या अगदीं जवळचा आहे. खरी अडचण सुरांची. ‘तू’ उतरत्या सुरांत म्हटला तर माणसाचें पोट. तोच सूर खालीं वळवला तर खाटकाकडे विकावयास ठेवलेला जनावराचा कोठा! जखमी शिपायापाशीं हा घोटाळा करून चालेल काय?

कोटणिसांनीं ही भाषा इतकी आत्मसात केली कीं, जानेवारी १९४१ मध्यें बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाल्यावर ते विद्यार्थ्यांना चिनींतूनच शिकवूं लागले. चिनी लोक त्यांना ‘को-तीहुआ’ म्हणत. त्यांतील ‘हुआ’ म्हणजे चीन. नोव्हेंबर १९४१ मध्यें परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. अखेरच्या काळांत ते शस्त्रक्रियेवर चिनींत पाठ्यपुस्तक लिहीत होते. रोग्यांच्या खाटेशीं कामास येणारें ‘तूत्स’ तेथें चालणारें नव्हतें. पुन्हां ‘फू-पू’च हवें. तें पुस्तक पुरें होण्यापूर्वींच त्यांना मृत्यूनें गांठलें.