जिगसॉ (सुतारकाम)

जिगसॉ : लाकूड, प्लाय किंवा एमडीएफ वळणदार कापण्यासाठी हातात धरून चालवायचे विजेचे यंत्र. अरुंद पाते झपाझप वरखाली होते. त्याचे खालचे टोक मोकळे असल्याने ड्रिलने भोक पाडून ते आत सोडले की फळीच्या मधोमधही कापता येते. स्वित्झर्लंडमधल्या सिंटिला कंपनीतील आल्बेर्ट काउफमान यांनी १९४६ मध्ये बायकोच्या शिलाई मशीनची सुई काढून तिथे पाते बसवले, अशी या यंत्राची जन्मकथा सांगतात. १९४७ मध्ये ते ‘लेस्टो’ नावाने बाजारात आले. सिंटिला पुढे बॉशकडे गेली.

महाड-पोलादपूरकडे कौलारू घराच्या वळचणीची लाकडी झालर, दाराची कमान आणि गणपतीचे मखर ही या यंत्राची खरी कामे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली. मखराचा थर्माकोल तापल्या तारेने लोण्यासारखा कापला जाई. त्याच्या जागी आलेल्या प्लायला तसे जमत नाही, तिथे जिगसॉच हवा. ४ फूट रुंदीच्या कमानीसाठी मध्यावर खिळा ठोकून २ फूट दोरीला पेन्सिल बांधावी आणि अर्धवर्तुळ आखावे. रेघेच्या किंचित बाहेरून कापावे, उरलेले कानशीने रेघेवर आणावे. दुसऱ्या बाजूच्या कमानीला हीच पहिली फर्मा म्हणून वापरावी. दोन प्लाय एकावर एक ठेवून एकदम कापायचा मोह होतो, पण वळणावर पाते वाकते आणि खालची कमान वरचीशी जुळत नाही.

निवडताना केवळ वॅट पाहू नयेत. वेग कमीजास्त करता येतो का, तळपट्टी भक्कम आहे का, पात्याला मागून आधार देणारी चाकी नीट बसते का, हे आधी पाहावे. हल्ली टी-शँक (टी आकाराच्या दांड्याची) पाती सर्वत्र चालतात, तेव्हा तीच बसणारे यंत्र घ्यावे. पात्याला पुढेमागे झोका देणारी पेंडुलम सोय जाड, सरळ कापाला उपयोगी. वळणाला व सनमायकाला ती शून्यावर ठेवावी.

पात्यातली कंजुषी महागात पडते. मोठे, विरळ दाते भरभर कापतात, पण कड खरबरीत करतात. बारीक दाते स्वच्छ कापतात. तीव्र वळणाला अरुंद पाते लागते. साधे पाते वर येताना कापते, त्यामुळे वरची कड उडते. म्हणून प्लायची दर्शनी बाजू खाली ठेवून मागच्या बाजूने आखावे. ते शक्य नसेल, तर उलट्या दात्यांचे पाते लावावे किंवा रेघेवर चिकटपट्टी डकवावी. साग सहज कापला जातो. ऐन, किंजळ यांच्याशी घाई केली की पाते तापून निळे पडते. पावसाळ्यात ओल धरलेल्या लाकडात पाते अडकते. तेव्हा विरळ दातेच बरे.

काम शिकंज्याने पक्के आवळावे, तळपट्टी फळीवर दाबून धरावी आणि पाते पूर्ण थांबल्याशिवाय यंत्र उचलू नये. पाते बदलताना प्लग काढावा. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, मास्क लावावाच. लांब, सरळ फाडीसाठी मात्र जिगसॉ घेऊ नये. ते काम सर्क्युलर सॉचे.